जुन्या भावाचं घर

बँकेचा मोजणीवाला आमच्या घरात मोजून दहा मिनिटं होता. त्यातली चार मिनिटं तो फोनवर बायकोशी भांडत होता, गाडीची चावी कुणी कुठे ठेवली म्हणून. उरलेल्या सहा मिनिटांत त्याने खालच्या दोन खोल्या, वरच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि मागचा ओटा बघितला, बुटाच्या टाचेने खालच्या फरशीवर दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "फरशी झकास बसलीय हो. एक तुकडा पोकळ वाजत नाही. कुणाचं काम?"

"माझंच," आमचे हे म्हणाले आणि हसले. बाई गं, काय ते हसणं! बक्षीस मिळाल्यासारखं.

"वा वा," म्हणत मोजणीवाल्याने कागदावर आकडा लिहिला. मी समोर उभी राहून तो उलटा वाचला. दोन वर्षांपूर्वी कंपनीशी करार झाला तेव्हा जो भाव ठरला होता, त्याच्या पाऊण हिश्शाएवढाही हा आकडा नव्हता. बँक कर्ज देणार ते या आकड्यावर. कंपनी पैसे मागणार ते करारातल्या आकड्यावर. मधलं भगदाड कुणी बुजवायचं? मोजणीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ते माझ्याकडे नाही येत." आणि गेला चावी शोधायला.

ही वसाहत गावाबाहेरच्या माळावर. पाच ओळी घरांच्या, पहिल्या तीन पुऱ्या, उरलेल्या दोन नुसत्या भिंती. आमचे हे इथेच फरशीचं काम करतात. मी त्यांच्या मागोमाग सांधे भरते, पांढरं सिमेंट कालवून, पत्र्याच्या तुकड्याने दाबून, फडक्याने पुसून. दोन वर्षांपूर्वी गेटवर अशी झुंबड होती की घर बघायलासुद्धा नंबर लावावा लागायचा. तेव्हा आम्ही अकरा नंबर घेतलं. मोटारसायकल विकली, माझ्या बांगड्या गेल्या, भिशी उचलली, आणि घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आगाऊ भरला. उरलेले ताबा घेताना कर्ज काढून द्यायचे. फरशी आमची आम्ही करायची, तेवढं भावातून वजा.

आणि इथेच आमच्या ह्यांनी घाण केली. फरशीवाल्यांमध्ये एक रीत आहे, फरशीवाल्याच्या स्वतःच्या घरात दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, आणि राहायला जायच्या आधी फरशी पुरी झाली पाहिजे. मुकादमाकडून चावी घेतली आणि पाच महिने दर रविवारी हे तिथेच. मी शंभरदा म्हणाले, "अहो, कागद तरी होऊ द्या."

"आपलंच घर आहे. जातंय कुठे?"

माझे सासरे, आबा, त्यांची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली. चालतात, पण डावा पाय फरफटत. भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्याला अडखळून दोनदा तोंडावर आपटले, एकदा दात पडला. म्हणून ह्यांनी अकरा नंबरमधले कंपनीने बसवलेले तिन्ही उंबरे काढून टाकले. पुढचं दार, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळी फरशी एका पातळीत, जोड कुठे आहे ते बोटाला लागणार नाही अशी. न्हाणीघराला आतून असा बेताचा उतार दिला की बादली उपडी केली तरी थेंब बाहेर येत नाही. एवढ्यासाठी, पातळी मोजायची पाण्याची नळी धरून, तीन रविवार हे गुडघ्यावर. वरच्या दोन खोल्या तेवढ्या राहिल्या, तिथे नुसता कोबा.

मोजणीवाला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या ऑफिसात गेलो. तिथला बुकिंगवाला बरा पोरगा आहे, गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं म्हणजे नुसता वैताग.

"साहेब, गेटवर पाटी लागलीय," मी म्हणाले. "त्यावरचा भाव आमच्यापेक्षा किती कमी आहे."

"हो ताई, ऑफर आहे सध्या. मार्केट बसलंय ना."

"मग आम्हालाही त्याच भावाने द्या."

"तुमचा करार झालाय पण."

"करार झाला म्हणून जास्त पैसे?"

"करार झाला म्हणून ठरलेले पैसे. उद्या भाव वर गेले असते, तर आम्ही तुमच्याकडे जास्त मागायला आलो असतो का?"

बरोबर बोलला मेला, म्हणून तर आणखी संताप आला. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली बघत होते.

"समजा करार मोडला तर?"

"मोडता येतो. तुमची आगाऊ रक्कम जप्त होईल, घर आम्ही दुसऱ्याला विकू, आणि जो फरक पडेल तो कायद्याने तुमच्याकडून घेऊ."

"आणि तोच अकरा नंबर आम्ही पाटीवरच्या भावाने नव्याने घेतला तर?"

"तुम्हाला नाही देता येणार. कॉम्प्युटर तुमचं नावच घेणार नाही."

"आणि आत्ता रस्त्यावरून कुणी उठून आला तर?"

"त्याला आनंदाने देऊ ताई. चहा पण देऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अख्ख्या दुनियेत कुणीही यावं आणि ते घर स्वस्तात घेऊन जावं, फक्त ज्याने त्यात आपले गुडघे झिजवले त्याला नाही! मी ह्यांना कोपराने ढोसलं, म्हटलं आता तरी तोंड उघडतील. उघडलं. म्हणाले, "साहेब, तुमची खुर्ची डगमगतेय. खालची फरशी बसलीय एका बाजूने. सांगा कधी, करून देतो."

बाहेर आल्यावर मी ह्यांच्या पुढे पुढे चालत गेटपर्यंत आले. गेटपाशी मात्र राहवलं नाही. "खुर्ची! त्याची खुर्ची दिसली तुम्हाला?"

"डगमगत होती," हे म्हणाले.

उरलेले पैसे भरायला महिन्याची मुदत होती. कर्ज वाढवून मिळावं म्हणून बँकेत तीन खेपा घातल्या, शेवटी हात टेकले. माळावर काम कमी कमी होत चाललं. चौथ्या ओळीचं बांधकाम थांबलं, सहा फरशीवाल्यांतले चार कमी केले. वारा असा सुटायचा की कालवलेलं सिमेंट घमेल्यातच वाळायचं. माझ्या बोटांना भेगा पडल्या, त्यात सिमेंट जाऊन आग आग व्हायची.

तेव्हा मलाच ती अक्कल सुचली. मलाच, म्हणून दोष कुणाला देणार?

माझी नणंद जवळच राहते, एस.टी.ने अर्धा तास. तिच्या नवऱ्याचं, आमच्या जावयांचं, पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे. माणूस बोलका, मला-सगळं-कळतं जातीचा. दोघं आबांना बघायला आले होते. जेवताना मी म्हणाले, "ताई, अकरा नंबर तुम्ही घ्या ना तुमच्या नावावर. पाटीवरच्या भावाने. हप्ते आम्ही भरतो. दोन-चार वर्षांनी घर आमच्या नावावर करा."

जावई घास हातात धरून थांबले. मग त्यांचा चेहरा उजळला. "वहिनी, डोकं आहे तुम्हाला! त्यांच्याच पाटीने त्यांचीच टोपी उडवायची! दादा, काय म्हणता?"

"आणि तो फरक मागणार म्हणतात, त्याचं?" हे म्हणाले.

"अहो, नुसती भीती घालतात. आगाऊ रक्कम गिळली ना त्यांनी? आणखी काय, अंगाचं कातडं सोलणार?" जावई म्हणाले. मलाही तसंच वाटलं. तसंच वाटून घ्यायचं होतं, खरं सांगायचं तर.

नणंद हळूच म्हणाली, "दादा, तुझ्यासाठी करतोय हं आम्ही हे. नाहीतर दुकानाचं तरी कुठे धड चाललंय."

आबांना नीट बोलता येत नाही. ते उजव्या हाताने मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मुदत संपली, करार मोडला. हे चावी देऊन आले. आठव्या दिवशी अकरा नंबरवर पाटी लागली, 'नमुना घर'. का, तर विकायच्या राहिलेल्या घरांत फरशी झालेलं तेवढं एकच! लोक बूट घालून आत जायचे, बुकिंगवाला म्हणायचा, "बघा फिनिशिंग." शेजारच्या दहा नंबरमध्ये मी सांधे भरत बसलेली असायची, आणि भिंतीपलीकडून माझ्याच घराचं कौतुक ऐकायची.

नणंद आणि जावई घर बघायला आले त्या दिवशी आम्ही दोघं दहा नंबरच्या दारातच काम करत होतो. ओळख दाखवायची नाही असं ठरलेलं. नणंदेने माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, तर तिला हसूच फुटलं. मीही पदर तोंडाला लावला. त्या दिवशी आम्ही खरंच हसलो, एवढं मात्र कबूल करते. वाटलं, जमलं बाई.

आत जावयांचा आवाज चढला. भाव पाडायचा तर खोड काढायला हवी, हे त्यांना दुकानामुळे ठाऊक.

"हे काय? उंबरे कुठेत? न्हाणीघराचं पाणी सगळं खोलीत येणार! कुणी बसवलीय ही फरशी? अर्धवट कारागीर दिसतोय."

ह्यांच्या हातातला रबरी हातोडा थांबला.

"नाही साहेब, उतार आहे आत," बुकिंगवाला म्हणाला.

"उतार मला शिकवू नका. उंबरा नसलेलं घर मी घेत नाही. भाव कमी करा."

"भाव थोडा बघतो. आणि उंबरे बसवून देतो, तुम्हाला फुकट. मग तर झालं?"

आता जावयांनी काय म्हणायचं? नको, उंबरे नको, असं म्हणायला तोंडच राहिलं नव्हतं. ते म्हणाले, "मग बघू." बुकिंगवाला तरातरा बाहेर आला आणि ह्यांना म्हणाला, "मिस्त्री, अकरा नंबरला तीन उंबरे बसवायचेत. उद्या करून टाका."

"बरं," हे म्हणाले.

बरं! मी थापी घमेल्यात आपटली. संध्याकाळी नणंदेचा फोन आला, भाव आणखी कमी करून मिळाला म्हणून. जावई मागून ओरडले, "दादाला सांग, मनावर घेऊ नको. बोलावं लागतं तसं!"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कटर लावला. आपण बसवलेली फरशी आपणच कापायची. नाकातोंडात पांढरी धूळ गेली, भुवया पांढऱ्या झाल्या. स्वयंपाकघराच्या दारातला तुकडा निघता निघेना. इतका घट्ट बसवला होता की छिन्नीने फोडूनच काढावा लागला. मी सिमेंट कालवून देत होते. म्हटलं, "सांगा की त्याला, जमत नाही म्हणून."

"मग दुसरा कुणी फोडेल. आजूबाजूच्या चार फरश्या तडकवेल."

"तडकू दे ना! तुमचं काय जातंय?"

ह्यांनी पहिला उंबरा उचलला. काळ्या दगडाचे तीन उंबरे, अगदी समपातळीत, एक केसभर इकडेतिकडे नाही. ते बसवताना त्यांचा हात नेहमीसारखाच चालत होता. मला वाटलं, या माणसाला रागच येत नाही की काय? इतकी वर्षं संसार केला, अजून कळलं नव्हतं.

दुपारी बारा नंबरची नर्स दारात आली. तिने दोन वर्षांपूर्वीच कर्ज काढून सगळे पैसे जुन्या भावाने भरलेत, रात्रपाळ्या करून हप्ते फेडते. माझ्याशी चांगली होती. त्या दिवशी म्हणाली, "अकरा नंबर पाटीवरच्या भावाहूनही खाली गेलं म्हणे? तुमच्याच नात्यातल्यांनी घेतलं ना? मुकादम सांगत होता."

"अहो, ते—"

"आता माझ्या घराला कोण विचारणार? मला बदली मिळालीय. विकायचं म्हटलं तर लोक अकरा नंबरचा भाव दाखवतात. शाबास तुमची." आणि निघून गेली. आमचंच बुडालं म्हणून आम्ही हे केलं, हे सांगून तिचा भाव वर येणार होता का?

नणंदेच्या नावावर घर झालं. बारा दिवसांनी आम्हाला कंपनीचं पत्र आलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडून समजावून घेतलं, मग मी पुन्हा वाचलं, मग ह्यांनी. जुना भाव आणि नवा भाव यातला फरक. त्यातून आगाऊ रक्कम वजा. उरलेलं आम्ही साठ दिवसांत भरायचं, नाहीतर कोर्ट. खाली आणखी दोन ओळी होत्या. घर पुन्हा विकण्याचा खर्च. आणि 'मूळ खरेदीदाराने काढलेले तीन उंबरे पूर्ववत करण्याचा खर्च, साहित्य व मजुरी'.

ह्यांना उंबऱ्यांची मजुरी अजून मिळालीसुद्धा नव्हती. मिळणार होती ती आमच्याकडूनच घेऊन!

आणि फरक किती? जावयांनी उतार-बितार करत जेवढा भाव पाडला, तेवढाही त्यात धरलेला. ते जितके हुशारीने बोलले, तितकं आमचं देणं वाढलं. मी डोकं धरून बसले. रडू येत नव्हतं, नुसती चीड येत होती, आणि कुणाची ते कळत नव्हतं.

रविवारी आम्ही अकरा नंबरला गेलो. नणंद आणि जावई साफसफाईला आले होते, एक खाट आणि दोन खुर्च्या आणून टाकल्या होत्या. पत्र पुढे केलं. जावयांनी उभ्या उभ्या वाचलं, खाली बसून पुन्हा वाचलं.

"हे तर भयंकर आहे," ते म्हणाले. "वकील बघा एखादा."

"वकिलाला काय घालायचं?" मी म्हणाले. "जावईबापू, भाव पाडला तो तुम्ही. निदान तेवढं तरी आपण वाटून घेऊ."

नणंद आणि जावयांनी एकमेकांकडे बघितलं. आधी बोलून झालेलं असलं की माणसं अशी बघतात.

"वहिनी," जावई म्हणाले, "माझ्या डोक्यावर आता कर्ज आहे. दुकान ठप्प आहे. नवी बांधकामं नाहीत, तर बोअर नाहीत, बोअर नाहीत तर मोटारी कशाला जळतात? आणि एक सांगू का, राग मानू नका. कंपनी कोर्टात गेली आणि घर तुमच्या नावावर असलं, तर त्याच्यावरच टाच येईल. तेव्हा नावाचं राहू द्या. घर आमच्याच नावावर बरं."

"किती दिवस?"

"बघू ना. तुम्ही राहा की इथे. हप्त्याऐवजी भाडं म्हणून द्या. बाहेरच्यांपेक्षा कमीच घेऊ."

वाईट माणसं नाहीत हो. एकेक शब्द हिशोबाला धरून होता. नणंदेचे डोळे भरले होते, ती माझा हात धरत होती, "वहिनी, घर शेवटी आपलंच आहे ना, कुणाच्या का नावावर असेना." मी हात सोडवून घेतला. ही मला लग्न होऊन आले तेव्हापासून बहिणीसारखी. तिच्या बाळंतपणात रात्र-रात्र जागले मी. आणि आज तिच्या हाताचा स्पर्श नको झाला मला.

आमचे हे सगळा वेळ जिन्याच्या पायरीवर बसलेले. पत्राकडे नाही, कुणाकडेच बघत नव्हते.

नणंदेने विषय बदलायला म्हणून वर हात दाखवला. "वरच्या खोल्यांत नुसता कोबा आहे. फरशी आम्ही आणून टाकतो दादा, तू बसव सवडीने. रविवारी वगैरे."

हे उठले. खिशातून टेप काढला आणि जिना चढले. आम्ही तिघं मागोमाग वर गेलो. वर खिडक्यांना अजून काचा नव्हत्या, वारा सरळ आत येत होता. ह्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी भिंतीला धरलं. एक खोली मोजली, दुसरी मोजली, कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर आकडे लिहिले, गुणाकार केला.

मग जावयांकडे वळून म्हणाले, "चौरस फुटाला काय भाव देणार?"

जावई हसले. चेष्टा वाटली त्यांना.

"मी अर्धवट कारागीर नाही," हे म्हणाले. आवाज तोच, मऊ, खुर्ची करून देतो म्हणाले होते तसाच. "माझा भाव ठरलेला आहे. सांधे भरायचे वेगळे, ते हिचे. अर्धे पैसे आगाऊ. रविवारी मी काम करत नाही."

"दादा!" नणंद म्हणाली. "तू माझ्याकडून मजुरी घेणार?"

"घेणार."

"सख्ख्या बहिणीकडून?"

"भाडं पण देणार, तू म्हणशील तेवढं. कमी करू नको."

नणंद भिंतीला टेकून रडायला लागली, तोंडावर हात घेऊन. जावई खिडकीतून खालच्या रिकाम्या ओळींकडे बघत राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. वर्षानुवर्षं मी याचीच वाट बघितली होती, हा माणूस कधी तरी तोंड उघडेल म्हणून. उघडलं, तर कुणापुढे? हे त्या ऑफिसात, त्या गोड बोलणाऱ्या पोरापुढे बोलायला हवं होतं. तिथे खुर्ची दिसली, आणि भाव सांगितला तो बहिणीला! मला इतका संताप आला, इतकं वाईट वाटलं, की मी ह्यांच्यावर ओरडणारच होते.

तेवढ्यात जावयांनी पाकीट काढलं आणि आगाऊचे पैसे मोजायला लागले. हे टेप गुंडाळत होते, आणि तो सारखा निसटत होता. मी तो त्यांच्याकडून काढून घेतला आणि स्वतः गुंडाळला.

"घ्या," मी ह्यांना म्हणाले. "मोजून घ्या."